भिंगताईंचा भिडू

भिंगताईंना भिंगताई हे नाव मी ठेवलं. तोंडावर आम्ही सगळे त्यांना नुसतं ताई म्हणायचो, पाठीमागे भिंगताई. त्यांना ते कळलं होतं की नाही, देव जाणे. कळलं असतं तरी त्यांनी ब्र काढला नसता.

नाव ठेवायला कारण होतं. एका मोठ्या रुग्णालयाच्या तळघरात आमचं धुलाईखातं आहे. दिवसाला हजारभर चादरी, शिवाय अभ्रे, टॉवेल आणि शस्त्रक्रियेचे हिरवे अंगरखे. हे सगळं धुऊन, पिळून माझ्याकडे येतं. मी रोलरवर असते. रोलर म्हणजे एक आडवं, लांबलचक, तापलेलं पिंप समजा. या बाजूने ओलसर चादर सरकवायची, त्या बाजूने ती कडक इस्त्री होऊन बाहेर पडते. त्या बाजूला ताई उभ्या असायच्या. प्रत्येक चादर दोन्ही हातांनी पसरून दिव्यासमोर धरायच्या. डाग दिसला तर परत धुवायला. भोक दिसलं तर तिथे लाल दोऱ्याचा एक टाका घालून पलीकडच्या खोलीत, शिवणकाकूंकडे. काकू मशीनवर ते भोक बुजवायच्या आणि चादर पुन्हा ताईंच्याच हातात यायची. शिवण वाकडी दिसली की तिच्या शेजारी आणखी एक लाल टाका, आणि चादर परत. रागावणं नाही, बोलणं नाही. माझ्यासारखीने एवढ्यात चार शब्द सुनावले असते आणि विसरूनही गेले असते.

दुपारी अर्धा तास सुट्टी. दहा मिनिटांत डबे उरकायचे आणि घड्या घालायच्या टेबलावर पत्ते मांडायचे, हा आमचा नेम. ताई आणि शिवणकाकू एक जोडी. मी आणि बॉयलर सांभाळणारे मामा दुसरी. खेळ मेंढीकोट. ज्यांना तो येत नाही त्यांच्यासाठी सांगते. ज्यांना येतो त्यांनी पुढचा मजकूर सोडून दिला तरी चालेल, पण ते सोडणार नाहीत, कारण दुसऱ्याची चूक काढल्याशिवाय मेंढीकोट खेळणाऱ्याला चैन पडत नाही.

चौघं, दोन जोड्या. भिडू समोरासमोर बसतात, म्हणजे तुमच्या डावीकडेही शत्रू आणि उजवीकडेही. बावन्न पत्ते, प्रत्येकाला तेरा. आधी पाच, मग चार-चार. पहिल्याने जो पत्ता उतरला त्याच रंगाचा पत्ता बाकीच्यांनी द्यायचा, आणि सगळ्यांत मोठा पत्ता ज्याचा, त्याचा तो हात. तो रंगच नसेल तर दुसरा कुठलाही टाकायचा. डावात असं पहिल्यांदा ज्याच्यावर येईल, त्याने टाकलेल्या पत्त्याचा रंग हुकूम ठरतो. मग हुकमाची दुर्रीसुद्धा एक्क्याला कापते. पण सगळा जीव दश्शीत. चार रंगांच्या चार दश्श्या, त्यांना म्हणायचं मेंढ्या. तीन मेंढ्या ज्यांनी पकडल्या त्यांचा डाव. दोन-दोन झाल्या तर ज्यांचे सात हात त्यांचा. चारही पकडल्या तर कोट. आणि तेराच्या तेरा हात केले तर बावनपत्ती कोट. तो मी आयुष्यात दोनदा पाहिला, आणि दोन्ही वेळा हरणाऱ्यांत मी होते.

गुण ताईंनी लावून दिलेले. साध्या डावाला एक, कोटाला चार, बावनपत्तीला आठ. हातात रंग असून कोणी तो दिला नाही, दुसराच पत्ता टाकला, तर डाव तिथेच मोडायचा आणि समोरच्या जोडीला कोटाचे चार गुण. चूक मुद्दाम केली की नजरचुकीने झाली, हे विचारायचं नाही. आणि पत्ते वाटल्यापासून शेवटचा हात उचलेपर्यंत कोणी बोलायचं नाही. मामांनी एकदा डावाच्या मध्येच विचारलं होतं, "हे पत्ते आहेत की प्रार्थना?" ताईंनी शांतपणे उठून लोखंडी कपाटाच्या दारावर, जिथे त्या खडूने गुण मांडायच्या, आमचा एक गुण पुसला. मामांनी कानाला खडा लावला.

शनिवारी बेरीज व्हायची, सोमवारी दार पुसून कोरं. एकोणीस वर्षं हे चाललं. त्यात मी आणि मामा वर्षाला फार तर दोन आठवडे जिंकलो असू, तेही एखाद्या आठवड्यात ताईंना ताप आला म्हणून. मामा म्हणायचे, "आपण खेळत नाही, आपण त्यांना खेळवतो."

एक डाव मी विसरूच शकत नाही. शेवटचे दोन-दोन पत्ते उरले होते. ताईंच्या जोडीकडे दोन मेंढ्या, आमच्याकडे एक. चौथी, चौकटची, अजून बाहेर यायची होती आणि ती काकूंच्या हातात होती. ताईंनी इस्पिकची पंजी उतरली. मी काहीतरी फुटकळ टाकलं. काकूंनी क्षणभर ताईंकडे पाहिलं आणि त्या पंजीवर आपली मेंढी ठेवून दिली. पंजीवर मेंढी कोणी टाकतं का? टाकतं, पंजीच्या वरचे सगळे इस्पिक गेलेत आणि हुकूमही संपलाय, याची ज्याला खात्री असते तो टाकतो. मी हातातला उरलेला पत्ता पाहिला, मामांनी त्यांचे दोन पाहिले. त्या पंजीला मारायला आमच्या दोघांकडे काही नव्हतं. ताईंनी हात उचलला, खडू घेतला आणि एक रेघ मारली. मला तेव्हा वाटलं, माझ्या नवऱ्याला लग्नानंतर इतक्या वर्षांत माझ्या मनातलं एवढं कधी कळलं नाही.

आणि तरी गंमत बघा, डाव संपला की त्या दोघी एकमेकींशी बोलायच्या नाहीत. दोघी एकमेकींना 'तुम्ही' म्हणायच्या. काकूंना मुलं किती, हे ताईंना माहीत नव्हतं. ताई राहतात कुठे, हे काकूंना माहीत नव्हतं. ते मला माहीत झालं तेही अपघाताने.

एकदा ताई लागोपाठ तीन दिवस आल्या नाहीत. मी कार्यालयातून पत्ता घेतला आणि संध्याकाळी कामावरून सुटल्यावर गेले. तिसऱ्या मजल्यावर एक खोली. एक पलंग, एक खुर्ची, एक शेगडी, दोरीवर वाळत घातलेली एकच साडी. ताप उतरला होता. पलंगावर चार बाजूंना पत्त्यांचे चार ढीग पालथे घातलेले होते.

"कोण कोण आलं होतं?" मी विचारलं. मला खरंच वाटलं, शेजारी आले असतील.

"कोणी नाही. मीच खेळते," ताई म्हणाल्या. "एक हात उचलायचा, पत्ता टाकायचा, पालथा ठेवायचा, मग पुढचा उचलायचा. दुसरा उचलताना पहिला विसरायचा असतो. सवयीने जमतं."

"मग जिंकतं कोण?"

"कोणीच चुकत नाही, त्यामुळे फार वेळ लागतो." मग पांघरुणाची कड सारखी करत म्हणाल्या, "समोरचा हात मी काकूंचा धरते. त्या काय टाकतील ते मला बरोबर कळतं."

त्या दिवशी त्या थोडं बोलल्या. आई लवकर गेली. वडील नऊ वर्षं अंथरुणाला खिळून होते. पत्ते त्यांनी शिकवले. त्यांचं करता करता ताईंच्या लग्नाचं राहून गेलं. भाऊ लांब असतो, वर्षातून दोनदा फोन करून तब्येत विचारतो आणि उत्तर संपायच्या आत ठेवतो. हे सगळं ताईंनी चादरींची मोजदाद सांगावी तशा आवाजात सांगितलं. मी घरी आले ते डोळे पुसत. दुसऱ्या दिवशी मात्र रोलरसमोर उभी राहिले आणि विसरून गेले. आपण असेच असतो, मी काही वेगळी नाही.

मग काकू निवृत्त झाल्या. आम्ही वर्गणी काढून भिंतीवरचं घड्याळ दिलं, काकू रडल्या, साहेबांनी भाषण केलं. निघताना काकूंनी एकेकीचा निरोप घेतला. ताईंसमोर आल्यावर त्यांनी ताईंचा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "या हं ताई घरी कधीतरी. डाव मांडू."

"कधी?" ताईंनी विचारलं.

काकू गडबडल्या. "कधीही या की. घर तुमचंच आहे."

हे असं आपण सगळेच म्हणतो. म्हणणाऱ्यालाही माहीत असतं आणि ऐकणाऱ्यालाही. ताईंना माहीत नव्हतं, कारण त्यांना असं कोणी फारसं म्हटलंच नव्हतं.

काकूंच्या जागी नवी शिवणवाली आली. दोन लेकरांची आई, स्वभावाने मोकळी, मेंढीकोट माहेरी खेळलेली. आम्हाला वाटलं, चला, चौथा भिडू आयता मिळाला. ती ताईंसमोर बसली. आठ दिवस बसली. नवव्या दिवशी तिने ताईंच्या राजावर मेंढी टाकली आणि मामांनी एक्क्याने ती नेली. ताई टेबलावरच्या त्या पत्त्याकडे बघत राहिल्या. नवी शिवणवाली पत्ते ठेवून उठली आणि मशीनच्या खोलीत जाऊन रडायला लागली. मी समजूत घालायला गेले तर म्हणते, "त्या शिव्या देतील तर चालेल मला. त्या बघतात." त्या दिवसापासून डाव बंद. मामा सुट्टीत बॉयलरच्या उबेला झोपायला लागले. ताई डबा संपवून टेबलाशी बसायच्या आणि अर्धा तास पत्ते पिसायच्या. वाटायच्या नाहीत, नुसत्या पिसायच्या.

अडीच महिन्यांनी एक दिवस त्या माझ्या रोलरच्या बाजूला आल्या. इतक्या वर्षांत त्या कधी या बाजूला आल्या नव्हत्या.

"काकूंचं घर तुला माहीत आहे ना?"

"आहे की."

"त्यांनी बोलावलंय मला. मी विचार केला. बस एकदाच बदलावी लागते. दर रविवारी दुपारी जाता येईल. त्यांचे मिस्टर खेळतात, एकदा त्या म्हणाल्या होत्या. तू आणि मिस्टर, काकू आणि मी. चौघं होतात." त्यांनी हे सगळं ठरवून ठेवलं होतं. मग एकदम म्हणाल्या, "रविवार फार मोठा असतो गं."

एवढं बोलणं त्यांच्या तोंडून ऐकून मी काय नाही म्हणणार होते? मी म्हटलं, "आधी फोन करून ठेवू या का?"

"त्यांनी बोलावलंय ना," ताई म्हणाल्या.

रविवारी त्या बसथांब्यावर माझ्या आधी येऊन उभ्या होत्या. ठेवणीतली साडी, केस तेल लावून चापूनचोपून बांधलेले, हातात पिशवी. पिशवीत पत्त्यांचा नवाकोरा जोड, अजून वरचा कागद न फाडलेला. बसमध्ये त्या खिडकीशी बसल्या आणि दोन थांबे गेल्यावर म्हणाल्या, "काकूंना किलवर चांगली खेळता येते. इस्पिकात त्या जरा घाई करतात, पण ते सांगायचं नाही." मी म्हटलं, नाही सांगणार.

काकूंचं घर तळमजल्यावर. दार उघडंच होतं आणि आतला हास्यकल्लोळ जिन्यापर्यंत येत होता. आत टेबलाभोवती चौघं बसली होती: काकू, त्यांचे मिस्टर, सून आणि नणंद. पत्तेच चालले होते. आणि काकू बोलत होत्या. नुसत्या बोलत नव्हत्या, ओरडत होत्या. "अहो वन्सं, टाका की मेंढी, मी आहे ना इथे!" असं भिडूला धडधडीत सांगत होत्या. आम्हाला बघून त्या एकदम थांबल्या, उठल्या, पदर सारखा केला. शाळेत पर्यवेक्षक आल्यावर बाई उठते तशा.

"ताई, तुम्ही? या, या. बसा ना."

चहा झाला. इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्या, म्हणजे मी मारल्या. ताईंनी नवा जोड टेबलावर ठेवला. काकू म्हणाल्या, "अरे वा, बसू या की मग." नणंद म्हणाली, मी उठते, मला कंटाळा आलाय. ती उठली ती काकूंच्या समोरची जागा होती. ताईंनी त्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला.

"ताई, तुम्ही नका हं," काकू हसत हसत म्हणाल्या आणि मला म्हणाल्या, "तू ये, तू बस माझ्यासमोर. ताई आपले गुण मांडतील. त्यांच्याइतकं नीट कोण मांडणार?"

मी उभीच. ताईंचा हात खुर्चीवर तसाच.

"खरं सांगू का," काकू सुनेकडे वळून म्हणाल्या, मजेचीच गोष्ट सांगितल्यासारखं, "मला यांची इतकी भीती वाटायची. एकोणीस वर्षं. दुपारची सुट्टी जवळ आली की पोटात गोळा. एक पत्ता चुकला की दिवसभर मशीनवर हात चालायचा नाही."

सून हसली. "आई घरी आल्या की आधी तेच सांगायच्या. आज एकच चूक झाली, आज एकही नाही झाली. मी लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलं, यांची तिथे रोज परीक्षा असते."

"पंजीवर मेंढी टाकली होती एकदा, आठवतं?" काकू मला म्हणाल्या. "आठवडाभर पत्ते मोजायची घोकंपट्टी करत होते मी स्वयंपाकघरात."

ताई म्हणाल्या, "मी कधी रागावले तुमच्यावर?"

काकू मनाने वाईट नव्हत्या. त्यांनी ताईंच्या दंडावर हात ठेवला. "नाही हो. रागावला असतात तर बरं झालं असतं. तुम्ही नुसत्या पत्त्याकडे बघायचात. जाऊ द्या, झालं गेलं. आता मी निवृत्त ना!"

ताईंनी खुर्चीवरचा हात काढला. सुनेने त्यांना एक स्टूल दिलं, वही आणि पेन्सिल दिली. त्या स्टुलावर बसल्या, काकूंच्या जरा मागे. आणि मी, काय सांगू, मी त्या खुर्चीत बसले. कोणी बसवलं म्हणून बसले असं म्हणायची सोय आहे, पण माझे पाय माझेच होते.

आम्ही खेळलो. गोंगाटात खेळलो. काकू माझ्याकडे बघून डोळे मिचकावत होत्या, मिस्टर सुनेला पायाने खुणा करत होते, नणंद सगळ्यांचे पत्ते बघत फिरत होती. तिसऱ्या डावात किलवर हुकूम झाली. मेंढ्या दोन आमच्याकडे, एक त्यांच्याकडे. मिस्टरांनी चौकटचा राजा उतरला; एक्का आधीच जाऊन चुकला होता. मी छोटी चौकट दिली. सुनेने आनंदाने सासऱ्यांच्या राजावर चौकटची मेंढी टाकली. आणि काकूंनी हुकमाच्या तिर्रीने तो हात कापला. एकच आरडाओरडा झाला. तिसरी मेंढी आमची, डाव आमचा. काकूंनी टाळीसाठी हात पुढे केला, मी टाळी दिली. उरलेले पत्ते पटापट पडले, आणि त्यात काकूंच्या हातून चौकटची अठ्ठी पडली.

चौकट असताना त्यांनी हुकूम मारला होता. मिस्टरांना कळलं नाही, सुनेला नाही, काकूंना स्वतःलाही नाही. मी ताईंकडे पाहिलं. त्या अठ्ठीकडे बघत होत्या. पेन्सिल कागदाच्या वर थांबली होती. आमच्या कपाटाच्या दारावर त्या क्षणी समोरच्यांना चार गुण चढले असते.

ताईंनी नजर उचलून काकूंकडे पाहिलं. काकू हसत होत्या, पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. ताईंनी काकूंच्या नावाखाली एक रेघ मारली.

अंधार पडायच्या आत आम्ही निघालो. काकू दारापर्यंत आल्या आणि म्हणाल्या, "या हं पुन्हा." या वेळी ताईंनी 'कधी' विचारलं नाही. नवा जोड त्या टेबलावरच ठेवून आल्या.

बसमध्ये मी दोघींची तिकिटं काढली. मग राहवलं नाही. "ताई, अठ्ठी पाहिलीत ना तुम्ही?"

"पाहिली."

"मग कोट का नाही लावलात?"

"त्या हसत होत्या," ताई म्हणाल्या. मग खिडकीबाहेर बघत, "एकोणीस वर्षं समोर बसले. त्यांना हसताना मी आज पहिल्यांदा पाहिलं." त्यांचा थांबा आला आणि त्या उतरल्या. मी हात हलवला, पण त्यांनी वळून पाहिलं नाही.

मला वाटलं, आता या बाई पत्त्यांना शिवणार नाहीत. पण सोमवारी दुपारी डबा संपल्यावर त्या आपणहून टेबलाशी आल्या. मामांना हाक मारून उठवलं. नव्या शिवणवालीच्या खोलीत जाऊन तिला म्हणाल्या, "चला ना. तुम्ही मामांच्या समोर बसा." मला म्हणाल्या, "तू माझ्यासमोर." आणि पत्ते वाटता वाटता, कोणाकडेही न बघता, "बोललं तरी चालेल."

मामांनी माझ्याकडे पाहिलं, मी मामांकडे. कोणीच बोललं नाही. बोलायला सांगितल्यावर कोणाला सुचतं? पहिल्याच डावात घाबरून मी मामांच्या एक्क्याखाली मेंढी दिली. हातात दुसरी किलवर होती, तरी मेंढीच दिली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. ताईंचे डोळे सवयीने त्या पत्त्यावर गेले. मग त्यांनी ते तिथून उचलले, जड वस्तू उचलावी तसे, माझ्या चेहऱ्यापर्यंत आणले आणि त्या हसल्या. "असू दे गं," म्हणाल्या. "होतं असं." ते हसू त्यांनी घरी आरशासमोर बसवून आणलं होतं, हे मला लगेच कळलं.

आता त्याला दीड वर्ष झालं. ताई डावात बोलतात. नव्या शिवणवालीच्या लेकरांची चौकशी करतात, मामांच्या खोकल्यावर उपाय सांगतात. कपाटाच्या दारावर गुण आता नवी शिवणवाली मांडते. बेरीज हमखास चुकवते आणि ताई दुरुस्त करत नाहीत. सुट्टी हसतखेळत जाते. फक्त आम्ही हरतो. मी आणि ताई दर आठवड्याला हरतो.

सुरुवातीला मला वाटलं, वय झालं, नजर गेली, लक्ष राहत नाही. पण नजर तर रोलरच्या त्या बाजूला अजून सुईच्या भोकाएवढा डाग पकडते. मग मी मोजायला शिकले. माझ्यासारखीने, होय. घरी भाजी चिरता चिरता तेरा-तेरा मोजायला शिकले. आणि गेल्या महिन्यात एका डावात शेवटचे दोन पत्ते राहिले असताना मी मोजून बसले होते. हुकूम इस्पिक. हुकमाची राणी तेवढी उरली होती आणि ती ताईंकडेच असणार होती. मेंढ्या दोन मामांकडे, एक आमच्याकडे. मामांनी बदामची चौथी मेंढी उतरली. ताईंकडची बदाम केव्हाच संपली होती. राणीने कापायचं, मेंढी आपली, दोन-दोन, आणि सहा हात आमचे झालेच होते, हा सातवा. लहान मुलालाही कळलं असतं.

ताईंनी चौकटची चौकी टाकली. मामांनी मेंढी नेली, नव्या शिवणवालीने टाळ्या वाजवल्या. शेवटच्या हाताला ताईंनी राणी हळूच टेबलावर ठेवली आणि तो रिकामा हात उचलला.

"अगं बाई," त्या म्हणाल्या, "लक्षातच नाही आलं बघ माझ्या."

मी त्यांच्याकडे पाहत राहिले. आमच्या सगळ्या इमारतीत, वरच्या मोठमोठ्या डॉक्टरांना धरून, हा खेळ त्यांच्यासारखा कोणाला येत नाही. जन्मात ही एकच गोष्ट त्यांना अशी आली, आणि ती त्या रोज दुपारी आमच्यासमोर थोडी थोडी टाकून देतात, म्हणजे समोर कोणीतरी बसेल. माझ्या अगदी ओठांवर आलं होतं, ताई, नीट खेळा, मी उठून जाणार नाही. पण मग त्या नीट खेळल्या असत्या. मग माझ्या प्रत्येक पत्त्याकडे त्यांनी पाहिलं असतं, आणि दुपारची सुट्टी जवळ आली की माझ्याही पोटात गोळा आला असता. खरं सांगायचं तर मला हे असंच बरं वाटतं.

मी पत्ते गोळा केले आणि म्हटलं, "होतं असं, ताई."